डागाळलेली

भाऊंचं तळं बियाण्यासाठी निवडलं गेलं, तर पुढच्या हंगामापासून पंचक्रोशीतल्या सगळ्या कोळंबीचे आईबाप भाऊंच्या तळ्यातले ठरणार होते. केवढा मान! त्यात परीक्षा घेणारी शास्त्रज्ञ भाऊंचीच लेक. "घरचीच परीक्षा, घरचाच पेपर," असं लोक म्हणत, आणि भाऊ ते नाकारत नसत. निकालाच्या सकाळी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून प्रयोगशाळेत आले, ते निकाल ऐकायला नव्हे, अभिनंदन स्वीकारायला.

भाऊंची कोळंबी होतीच तशी. काचेसारखी नितळ. जाळ्यात एखादी काळ्या डागाची निघाली, की भाऊ ती चिमटीत धरून बांधावर भिरकावत. शेजारच्या तळ्याच्या काकू ती लगेच उचलून बादलीत टाकत आणि आपल्या तळ्यात नेऊन सोडत.

"काकू, माझा कचरा पाळताय!"

"जिवंत आहे ना, भाऊ? मग कचरा कसला?"

परीक्षा सोपी होती आणि निर्दय. एका टाकीत भाऊंची कोळंबी, दुसरीत काकूंची. दोन्हींत एकच रोगजंतू सोडायचा आणि वाट बघायची.

निकालाला जमलेल्या काकू आणि गावकऱ्यांसमोर भाऊंनी टाकीत डोकावलं. काचेसारखी कोळंबी तळाशी आडवी पडली होती. शेजारी काकूंची डागाळलेली फौज मिशा परजत हिंडत होती.

"पाण्यात काहीतरी घोळ असणार," भाऊ पुटपुटले.

"पाणी एकच आहे, भाऊ," लेक म्हणाली. "आणि तो डाग म्हणजे रोग नाही. आत शिरलेल्या जंतूला कोळंबीनं जिथं घेरून मारलं, तिथली ती खूण. लढून जगलेल्या तुम्ही फेकून दिल्यात. जपल्यात त्या, ज्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. निवड काकूंच्या तळ्याची."

काकूंना हसावं की नाही, हेच कळेना.

भाऊ लेकीकडे बघत राहिले.

"सख्ख्या बापाला चारचौघांत नापास केलंस. आवाज जरासुद्धा कापला नाही तुझा?"

"नाही."

भाऊंनी सदरा सारखा केला आणि काकूंकडे वळले. "कोळंबी तुमची ठरली, काकू. कबूल. पण ही लेक माझ्या तळ्यातली आहे, हं!"

हिशेब असा झाला: जीव कोळंबीनं दिला, मान काकूंना मिळाला, आणि मिशीला पीळ देत घरी गेले ते भाऊ.