आजचं बोट

"ज्या रोज मन्हं बोट भितवर दिखनं नही, त्या रोज दार लोटीसन दखजो, माय."

वच्छलाबाई एकदा बोलून गेल्या होत्या. सुलक्षणाने ते हसण्यावारी नेलं. "काहीतरीच हं अक्का! तुम्ही शंभरी गाठणार."

पाचोऱ्याच्या गल्लीत दोघींची घरं शेजारी शेजारी. अक्का एकट्या. रोज सकाळी सडा टाकून झाला की गेरूत बोट बुडवायचं आणि दाराशेजारी एक ठिपका उमटवायचा. सोमवारी नवी ओळ. मालक गेले तेव्हापासूनच्या ओळी पार खिडकीपर्यंत पोचल्या होत्या.

त्याच ठिपक्यांचे फोटो आज धुळ्याच्या संग्रहालयात टेबलावर पसरले होते. प्रवेशद्वारापासून शेवटच्या दालनापर्यंत, आतल्या सगळ्या भिंतींवर एका बाईचे दिवस. संग्रहालयाच्या भिंती रंगवण्याचा सुलक्षणाचा हा पहिलाच प्रस्ताव. बोलता बोलता तिचा डोळा मांडीवरच्या लेकीवर, मयुरीवर होता. पोरगी फाइलचा कोपरा चावत होती. तिने तो हळूच सोडवला.

समितीचे पंडितसर मान डोलवत ऐकत होते. "छान आहे. काम तुम्हालाच द्यावं असं चाललंय आमचं." मग त्यांनी दोन फोटो उचलले. चष्मा वर गेला. "पण ताई, हा सोमवारचा म्हणता आणि हा आजचा, गुरुवारचा. रोज एक बोट ना? मग दोन्हीत शेवटच्या ओळीत एकच ठिपका कसा? एकच फोटो दोनदा चिकटवलात की काय? आमच्याकडे असली बनवाबनवी चालत नाही."

सुलक्षणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काम हातचं जाणार.

"नाही हो सर! शप्पथ. आज सकाळीच काढलाय. बस गाठायची होती, ही रडत होती, म्हणून उभ्या उभ्याच..."

ती थांबली. फोटो ओढून तिने डोळ्यांजवळ धरला. एक ठिपका. मंगळवारचा नाही, बुधवारचा नाही, आजचाही नाही. खाली अंगण कोरडं. सडासुद्धा नाही.

मयुरीला कडेवर घेऊन ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. अक्कांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पाचोऱ्याची बस अजून अर्ध्या तासाने, आणि पुढे दोन-अडीच तासांचा रस्ता.

तुमच्यातलं कुणी आत्ता पाचोऱ्यात आहे का? निळं दार, बाजूला गेरूचे ठिपके. कडी कधीच लावलेली नसते. जरा लोटून बघता?