क्रिसांतोचं पथ्य

डॉक्टरांनी रक्तदाबाचं नाव काढलं, त्या दिवसापासून फेलिसाने नवऱ्याचं दिनुगुआन बंद केलं. डुकराच्या रक्तात शिजलेला तो काळाभोर रस्सा आणि त्यात बुडवायला वाफवलेले तांदळाचे पांढरेशुभ्र पुतो म्हणजे क्रिसांतोचा जीव की प्राण. पण पुढची वीस वर्षं बिचाऱ्याने मुकाट कारलं गिळलं. वर दर शुक्रवारी कडक उपास! चर्चमधल्या गाण्याच्या तालमीहून आला की घोटभर पाणी पिऊन गपगार झोपायचा. "असा संत नवरा अख्ख्या गावात नाही," असं फेलिसा सांगत फिरायची.

तो गेला त्याच वर्षी नोव्हेंबर उजाडला आणि सगळं गाव आपापल्या मृतांसाठी जेवण घेऊन दफनभूमीकडे निघालं. फेलिसाने डबा भरला, तर त्यातही बिनमिठाचं कारलं.

"आई, आता तरी बाबांना हवं ते खाऊ दे गं," लेक नेनिता वैतागली. "मेलेल्या माणसाला कसला आलाय रक्तदाब?"

"तू गप बस. वीस वर्षांची शिस्त एका दिवसात मोडायची नाहीये मला."

दोघी पोचल्या, तर क्रिसांतोच्या थडग्यावर आधीच कुणीतरी मेणबत्ती लावून गेलं होतं. शेजारी क्रोशाच्या रुमालाखाली वाडगाभर दिनुगुआन, अजून गरम, आणि चार पुतो.

फेलिसाने एक पुतो रश्शात बुडवला, सावकाश खाल्ला आणि बोटं चाटली.



"तरीच मेल्याला उपास इतका मानवायचा!"