तेल तापेना

मेकॅनिक फ्रायरखाली उताणा शिरला होता आणि दोन जावा त्याच्या डोक्यावरून एकमेकींना निरोप पाठवत होत्या.

"दादा, मागे सांगा, दिवा लागतोय का ते नीट बघायला," पुढे बटणांपाशी उभी असलेली धाकटी म्हणाली.

"दादा, पुढे सांगा, मला डोळे आहेत," मशीनच्या मागून थोरली म्हणाली.

दोघींच्या मध्ये फक्त एक फ्रायर होता, फार तर दीड हात रुंद.

या एका मशीनसाठी मेकॅनिकला सकाळी दोन फोन आले होते. एक खाणावळीच्या गल्ल्यावरून, एक स्वयंपाकघरातून. तक्रार मात्र एकच. पुढच्या पाटीवर लाल अक्षरांत 'संपर्क नाही' येतंय आणि तेल तापत नाही. एरवी पाटीवर बटण दाबलं की वायरमधून मागच्या डब्याला निरोप जायचा, त्याच्यावरचा दिवा लागायचा आणि डबा तेल तापवायचा. आज निरोप पोचत नव्हता. त्यात दुपारी कारखान्याची माणसं यायची होती, पदार्थांची चव आणि स्वयंपाकघर दोन्ही बघायला. पसंत पडलं तर कामगारांचं रोजचं जेवण इथून जाणार होतं. बंद मशीन बघून ते काम कोण देणार?

भांडणही या मशीनवरूनच झालं होतं. इतकी वर्षं थोरली कढईवर तळायची. धाकटीने हौसेने फ्रायर आणला. "मग आता तूच तळ," असं म्हणून थोरली जी गल्ल्यावर जाऊन बसली, ती बसलीच. तेव्हापासून अबोला. गिऱ्हाइकाची ऑर्डरसुद्धा चिठ्ठीवरून आत जायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. शहाणी माणसं. हल्ली बाजारात गेले की एकेक बटाटा हातात घेऊन, उलटासुलटा करून निवडायचे.

मदतीला मात्र दोघी लगेच पुढे आल्या होत्या. "पुढचं मी बघते," धाकटी म्हणाली होती. "मागचं मी," थोरली म्हणाली होती. "तिकडे अडचण आहे, तुम्ही नका शिरू." एवढी हौशी गिऱ्हाइकं मेकॅनिकला क्वचितच मिळत. तो खूश झाला होता.

आता खालचे स्क्रू काढायला त्याला दोन्ही हात लागले. त्याने टॉर्च दातात धरली. निरोप्याच मुका झाला.

धाकटीने बटण दाबलं आणि ती थांबली. मागून काही आवाज येईना. भिंतीवरचं घड्याळ तर पुढे पळत होतं.

"ताई, लागला का?" तिच्या तोंडून निघून गेलं.



"नाही गं," थोरली म्हणाली.

त्या 'गं'ने धाकटीला भरून आलं. तिने उगाच पुन्हा बटण दाबलं आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. ते ऐकायला तिने आणखी दहा वेळा दाबलं असतं, पण मेकॅनिक बाहेर आला.

"पुढची पाटी उघडावी लागणार."

"पुढची कशाला? सकाळीच पुसलीय मी," धाकटी घाईने म्हणाली.

त्याने उघडली. आत वायरचं टोक मोकळं लोंबत होतं.

"ही क्लिप आपोआप सुटत नाही," तो म्हणाला. "दाबूनच काढावी लागते."

धाकटीने ॲप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"मी काढली," ती म्हणाली. "ताई, माझ्या हाताला तुमची चव नाही. आज तुम्ही आत यावं असं फार वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, मशीन बंद पडलं तर तुम्ही आपणहून कढई चढवाल."

थोरली मागून कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"तोंड शिवलं होतं का तुझं? सरळ यायचं, ताई चला म्हणायचं, हात धरून न्यायचं. एवढ्यासाठी धडधाकट मशीन बंद पाडलंस? तेही आजच्या दिवशी? हे काय शहाण्या माणसाचं लक्षण झालं?" पुष्कळ दिवसांत तिला धाकटीला रागवायला मिळालं नव्हतं. ती मन लावून रागवत होती. धाकटीही मान खाली घालून सुखाने ऐकत होती.

मेकॅनिकने वायर घट्ट बसवली आणि बटण दाबलं. लाल अक्षरं तशीच. त्याने पुन्हा दाबलं. तीच अक्षरं.

"मग डबाच गेलेला दिसतो," तो डोकं खाजवत म्हणाला. "नवा मागवावा लागेल. आठवडा तरी जाईल."

धाकटीचा चेहरा उतरला. "माझ्यामुळेच झालं हे. ओढताना आत काहीतरी तुटलं असणार," ती म्हणाली आणि रडूच लागली. "सगळ्यांच्या तोंडचा घास घालवला मी."

थोरलीचं रागावणं अर्ध्या वाक्यात थांबलं. तिने घड्याळाकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, मग घसा साफ केला.

"दादा, नवा डबा नका मागवू," ती हळूच म्हणाली. "ही बोलवायला येईल म्हणून वायरचं मागचं टोक मी काढून ठेवलंय."