दादाचे हात

प्रबोध नागपुरात व्हिडिओ गेममधल्या पात्रांना हालचाली द्यायचा. रविवारी खापरखेड्याला घरी येऊन त्यानं फौजेतून निवृत्त झालेल्या दादाला नवा युद्धाचा गेम खेळायला दिला. लढाई जिंकून गेममधला सैनिक घरी परतला. पडद्यावरच्या गल्लीत फटाका फुटताच त्या सैनिकानं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी छातीशी आवळला. दादानं खेळ थांबवला. "हा तर मीच आहो." प्रबोधला तोंड लपवावंसं वाटलं. दिवाळीत दाराआडून त्यानं दादाचं चोरून शूटिंग केलं होतं. "विचारलं काहून नाही गा?" "तू नाही म्हटलं असतं." दादा रागावला नाही. स्वयंपाकघराकडं पाहत हळूच म्हणाला, "तुह्या वहिनीले दाखवू नको. तिले वाटते, मी बरा झालो." प्रबोधनं मान खाली घातली. गेमच्या जाहिरातीतला तो प्रसंग वहिनीनं सकाळीच पाहिला होता. म्हणाली होती, "मी ओळखलं, हे त्याइले सांगू नको."