सैल पट्टी

"एक स्क्रू पिळायला या माणसाला दोन कप चहा लागतो," आई स्वयंपाकघरात पुटपुटली. पुटपुटणं असं, की बाहेरच्या खोलीत नीट ऐकू जावं.

बाहेरच्या खोलीत मुलीचा कॉम्प्युटर झाकण काढून टेबलावर आडवा पडला होता. दुरुस्तीवाले त्याच्यावर वाकून धूळ उडवत होते. हातात रबरी फुगा असायचा, तरी शेवटची फुंकर तोंडानेच. म्हणून आई पाठीमागे त्यांना फुंकरराव म्हणायची, आणि मुलगी ओठ चावून हसू दाबायची. मुलगी सत्तेचाळीस वर्षांची होती. घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवून द्यायची. दुरुस्तीवाले तिच्याहून थोडे मोठे. दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान, दुकानावरच खोली, खोलीत ते एकटे.

हा कॉम्प्युटर दोन-तीन आठवड्यांनी हमखास मान टाकायचा. दुखणं दर वेळी तेच. आतली मेमरीची पट्टी खाचेतून वर आलेली असायची. दुरुस्तीवाले ती अंगठ्याने दाबायचे, टक्‌ व्हायचं, यंत्र उठून बसायचं. मग चहा. मग गप्पा. गप्पा अर्ध्यावर कशा सोडायच्या, म्हणून परत चहा.

खरं तर पट्टी आपोआप वर येत नाही. दोन्ही टोकांचे चाप बोटाने उघडावे लागतात. दुरुस्तीवाल्यांना हे ठाऊकच होतं. मुलीलाही ठाऊक झालं होतं, कारण एकदा तिने झाकण काढून गुपचूप बघितलं होतं. दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. दोघं आपापल्या जागी खुशीत होते.

पण धाकट्या भावाने मध्येच बहिणीवर माया केली. त्याने नवा प्रोसेसर पाठवला आणि फोनवर तंबी दिली. "ताई, हा बसला तर ठीक. नाही बसला तर ते खटारं काढून टाक. मी सीलबंद मशीन पाठवतो. पाच वर्षांची हमी. बिघडलं तर कंपनीचा माणूस येईल. बाहेरच्या कुणी झाकण उघडलं की हमी गेली, लक्षात ठेव."

तेव्हापासून मुलीच्या हातून पानं उलटसुलट लागत होती.

आता दुरुस्तीवाल्यांनी जुना प्रोसेसर काढून रुमालावर ठेवला. नवा बसवला. जागा तीच, पिना त्याच. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

"काय झालं?"

"ज्याच्यावर हे सगळं बसतं, तो बोर्ड जुना आहे. ह्या नव्याला ओळखत नाहीये."

"म्हणजे नाही बसणार?" मुलीचा आवाज चिरकला. आई अंगठ्याला मलम चोळत दारात येऊन उभी राहिली. हल्ली तिची बोटं दुखायची.

दुरुस्तीवाले बराच वेळ रुमालाकडे बघत राहिले. मग त्यांची मान हळूच वर आली. "थांबा. जुना परत लावू. त्याला तर बोर्ड ओळखतो ना? तो चालू असतानाच बोर्डाला नव्याची माहिती भरवायची. मग जुन्याला उठवायचं, नव्याला बसवायचं."

"जुना सुखासुखी उठेल?" आईने विचारलं.

"उठतो, काकू. नव्याची ओळख करून देतो आणि मग उठतो. फक्त मधेच वीज गेली तर बोर्ड कायमचा गेला."

आई म्हणजे दिवसभर घरातली बटणं बंद करत फिरणारी बाई. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि बटणाला पाठ लावून उभी राहिली. "करा सुरू. बघू कोण फिरकतंय इकडे."

पडद्यावर एक हिरवी रेघ सरकू लागली. अशी सावकाश, की जणू तिलाही चहा हवा होता. कुणी खोकलं नाही. दुरुस्तीवाले सवयीने फुंकर घालायला वाकले, तशी मुलीने त्यांचा दंड धरला. "आत्ता नको." रेघ टोकाला पोचली. हात दंडावरच राहिला. तो काढायला हवा हे दोघांच्याही ध्यानात जरा उशिरा आलं.

जुना उठला. नवा बसला. पंखा फिरला आणि पडदा लख्ख उजळला.

मग त्या खोलीत वयाचं भान कुणाला उरलं नाही. मुलीने आईचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. दुरुस्तीवाल्यांनी फुगा दाबून दाबून दोघींवर वारा सोडला. आईचे पांढरे केस उभे राहिले. ती "अहो, पुरे" म्हणत राहिली आणि तोंड पुढे करत राहिली.

हसता हसता मुलगी बोलून गेली, "आता ती मेमरीची पट्टी तेवढी जाताना सैल सोडत जा. पहिल्यासारखी."

फुगा मधेच थांबला. "मी? ती तर तुम्ही काढता."

"मी कशाला काढू? मला वाटलं, परत यायला मिळावं म्हणून तुम्हीच..."

"मी घट्ट बसवून जातो हो. मला वाटलं, मला बोलवायला मिळावं म्हणून तुम्ही..."

दोघांचे कान लाल झाले. महिनोन्‌महिने ज्याच्यावर मनातल्या मनात मजले चढवले, त्याला पायाच नव्हता. आणि मजले तर आता दोघांनीही एकमेकांना दाखवून ठेवले होते. कुणी कुणाकडे बघेना. नवा प्रोसेसर तेवढा मजेत चालला होता.

आईने आपल्या अंगठ्यावर हळूच फुंकर घातली.

"ते चाप फार कडक आहेत हो," ती म्हणाली. "माझ्याच्याने आता उघडवत नाहीत. त्यापेक्षा, फुंकरराव, हिच्याशी लग्न करा आणि राहायलाच या इथे."