सहाव्या प्रकरणाचा अर्थ

विश्रामदादांच्या शेवटच्या कादंबरीतल्या सहाव्या प्रकरणापुढे भल्याभल्या समीक्षकांनी हात टेकले होते. मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकाच वाक्यात कालवलेलं. मेघालीने मात्र ते सोडवलं होतं. या शब्दाआड दर्याची दंतकथा, त्या शब्दाआड संतवाणी, असा तिचा अख्खा प्रबंध तयार होता. फक्त एकदा दादांच्या तोंडून खात्री करून घ्यावी, म्हणून ती घिवलीला त्यांच्या वाडीत आली.

तिने पहिलाच प्रश्न विचारला आणि खाटेवरचे दादा घाईघाईने बोलू लागले. "बारी उघाडो... वो अंदर हाय... पानी नको, पानी नको." त्याच तिन्ही भाषा, तीच लय. हे उत्तर होतं की नवं प्रकरण, मेघालीला कळेना. तिने गोंधळून त्यांच्या बायकोकडे, माईंकडे पाहिलं.

"लकवा मारला तवापासून असंच बोलतात," दादांचे ओठ पुसत माई म्हणाल्या. "पुस्तकातलं ते सहावं लिवलं ते पण त्याच्यानंतरच."

मग त्यांनी मेघालीचा हात धरून तिला खाटेजवळ बसवलं.

"तुला त्यांचं सगलं समजतं म्हने. मी तुझीच वाट बघत होते, बाय. जरा विचार ना त्यांना, कुठं दुखतंय?"