दुसऱ्याच्या हातातलं सुकाणू

"थांबवा," कॅप्टन म्हणाली, आणि इंजिनाची धडधड मंदावली.

समोर प्रवाळाची लांबच लांब भिंत होती, पाण्याच्या जेमतेम हातभर खाली. तिला एकच खाच. खाचेपलीकडे शांत हिरवं पाणी, खारफुटीची दाट राई आणि कासवांचं बेट. या बेटासाठीच तर पाहुण्यांनी वर्षभर आधी जागा धरून ठेवल्या होत्या. खाच जहाजापेक्षा रुंद होती, पण फार नाही.

"ऊन थेट डोळ्यांवर येतंय, पाण्यावर नुसती चकाकी. खडक दिसत नाहीत. सूर्य वर येईपर्यंत इथेच थांबायचं."

पाहुण्यांना पशुपक्षी दाखवणाऱ्या गाइडने कपाळाला हात लावला. "मॅडम, कासवं काय आपली वाट बघत बसणार आहेत? पाहुणे माझा जीव खातील."

"खाऊ देत. खडकाने जहाज खाण्यापेक्षा ते बरं."

बोलून झाल्यावर तिने काचेतून खाली पाहिलं. पुढच्या कठड्याशी राखाडी टोपी होतीच. तिचे बाबा.

बाबांनी उभा जन्म मोठमोठी जहाजं बंदरात आणून लावली होती, आणि तेवढ्या काळात त्यांचा एकाच माणसावर विश्वास बसला होता, तो म्हणजे स्वतःवर. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे बसून आपल्याच पायाने ब्रेक दाबत. मुलगा गाडी चालवायला बसला की बाकीचे खुशाल पेंगत, बाबा टक्क जागे. दुसऱ्याच्या हातात सुकाणू असताना डोळा मिटायचा नाही आणि पायातले बूट काढायचे नाहीत, असा त्यांचा पणच होता. लग्नानंतरच्या पहिल्या बोटप्रवासात नवरदेव रात्रभर डेकवर उभे होते, हे आई अजून चारचौघांत हसत सांगायची.

याही जहाजावर तेच चाललं होतं. नांगर टाकलेला असला तरी ते रात्री उठून साखळी बघून येत. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. लेक कॅप्टन झाल्यापासून त्यांना बोलावत होती आणि ते काही ना काही सबबी सांगत होते. शेवटी आईनेच बॅग भरून दारात आणून ठेवली, तेव्हा कुठे निघाले. लेकीला हारतुरे नको होते, एक शब्द हवा होता. पण बाबांच्या तोंडून शाबासकी म्हणजे उंबराचं फूल. आदल्याच दिवशी पाहुण्यांना किनाऱ्यावरच्या होड्या बांधणाऱ्यांच्या वस्तीत नेलं होतं. तिथे एका अर्धवट होडीच्या सांध्यावरून हात फिरवत बाबा म्हणाले होते, "वा! काय काम आहे!" कॅप्टनला त्या फळीचा चक्क हेवा वाटला होता.

वेळ जात होता आणि डेकवर कुजबुज वाढत होती. पाहुण्यांतले एक गॉगलवाले शेवटी बाबांजवळ गेले.

"काका, तुम्ही मुरलेले माणूस. मुलीला जरा सांगा ना! एवढं काय घाबरायचं?"

वर खिडकी उघडी होती. कॅप्टनने कान टवकारले. बाबांनी पाण्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग गॉगलकडे.

"कॅप्टनला विचारा," ते म्हणाले. त्या आवाजात कौतुक नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

हळूहळू सूर्य डोक्यावर आला आणि समुद्राने जणू पडदा बाजूला केला. चकाकी विरली, तळ उघडा झाला. तपकिरी, जांभळे, पिवळे प्रवाळ तळहातावरच्या रेषांसारखे स्पष्ट दिसू लागले आणि त्यांच्या मधोमध खोल निळ्या पाण्याची वाट. इतकं देखणं काही पाहुण्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुजबुज आपोआप बंद पडली.

"अगदी सावकाश," कॅप्टन म्हणाली आणि सुकाणू तिने स्वतःच्या हातात घेतलं. खाच जवळ येऊ लागली. तिने एकदाच खाली पाहिलं.

कठड्याशी टोपी नव्हती.

परक्या कप्तानावर शेवटपर्यंत नजर ठेवणारे बाबा मुलीच्या वेळी पाठ फिरवून गेले होते. बघवलं नसेल त्यांना. पण आता रडायलाही सवड नव्हती. तिने सुकाणू किंचित डावीकडे घेतलं, क्षणभर धरून ठेवलं, मग सरळ केलं. दोन्ही बाजूंना प्रवाळ इतके जवळ होते, की एका आजींनी कठड्यावरून वाकून निळ्या माशांना टाटा केला. जहाज केसभरही न डगमगता त्या वाटेने गेलं आणि हिरव्या पाण्यात अलगद बाहेर पडलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात जहाजाच्या अगदी पुढ्यात एका कासवाने डोकं वर काढून सगळ्यांकडे पाहिलं. गाइड तक्रार विसरून लहान मुलासारखा ओरडला, आणि गॉगलवाल्यांनीसुद्धा गॉगल काढला.

नांगर पडल्यावर कॅप्टन तडक खाली गेली. आईबाबांच्या केबिनबाहेर आई स्टूल टाकून बसली होती. दाराशी बाबांचे बूट होते, शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेले, आणि त्यांच्यावर राखाडी टोपी.

"आई, बाबांना बरं नाही का? की रागावलेत माझ्यावर?"

आईने ओठांवर बोट ठेवलं. दाराआडून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत.

"हळू बोल, बाई. खाच यायच्या जरा आधी आले, बूट काढले. मला म्हणाले, 'वर तीच आहे ना?' मी हो म्हटलं, आणि हे झोपले."